ठाण्याची माती, ठाण्याची शेती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मृदशास्त्रज्ञ आहे. राहते कल्याणला आणि काम मुरबाड, शहापूर, भिवंडी तालुक्यांत, शिवाय पनवेल-उरणच्या खार पट्ट्यात. खालचे प्रश्न बांधावर, ग्रामसभेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आणि कसारा लोकलमध्येही विचारले जातात. ज्यांची उत्तरं लांब आहेत ती लांबच ठेवली आहेत.

मृदशास्त्रज्ञ नेमकं काय करतो? माती तपासून देतो एवढंच ना?

तपासणी हा कामाचा छोटा भाग. प्रयोगशाळेत पोटॅशियम डायक्रोमेट घालून सेंद्रिय कर्ब काढता येतो, सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी ते) मोजता येतो, स्फुरद-पालाश (फॉस्फरस आणि पोटॅशियम) मोजता येतं. पण तो आकडा शेतात नेल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. वरच्या खाचरातलं पाणी कुठून उतरतं, बांध कधी फुटला होता, शेणखत घराजवळच्या तुकड्यालाच जातं का, जमीन वाट्याने कोण कसतं, हे विचारावं लागतं. एकाच सातबाऱ्यावरच्या दोन खाचरांचे अहवाल वेगळे येतात आणि त्याचं कारण बहुतेक वेळा घरातल्या म्हाताऱ्या आजीला ठाऊक असतं. म्हणून माझा अर्धा दिवस ऐकण्यात जातो आणि तो वाया गेला असं मला कधीच वाटत नाही.

ठाण्यात आता शेती उरली आहे कुठे?

उरली आहे, आणि बरीच आहे. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा झाला तेव्हा जव्हार, वाडा, डहाणू तिकडे गेले. तरी आजच्या ठाणे जिल्ह्यातल्या सात तालुक्यांपैकी मुरबाड आणि शहापूर हे भाताचे तालुके आहेत. भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथच्या ग्रामीण भागातही गोदामांच्या आणि टॉवरच्या मागे खाचरं आहेत. माळावर, म्हणजे वरकस जमिनीवर, नागली आणि वरई होते. कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशी सगळी माणसं या जमिनीवर राबतात. त्यातल्या कित्येकांच्या नावावर ती जमीन नाही.

आमच्याकडची माती कशी आहे? देशावरच्या काळ्या मातीसारखी का नाही?

खडक तोच आहे, बेसॉल्ट. फरक पावसाने आणि उताराने पडला. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि तो सगळा चार महिन्यांत. इतकं पाणी मातीतून झिरपलं की कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश धुऊन जातात आणि माती थोडी आम्लधर्मी होते. डोंगरउतारावरची माती उथळ, तांबूस, मुरमाड. हातभर खणलं की खडक लागतो. उताराखाली खाचरांमध्ये तीच माती येऊन साचते आणि ती खोल, करडी, चिकट असते. खाडीकडे गेलात की खारी.

शहापूर तालुक्यात भातसा, तानसा, मोडकसागर यांसारखी मुंबईला पाणी पुरवणारी धरणं आहेत आणि तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. याला धोरणाची कारणं आहेत आणि ती मोठी आहेत. पण एक कारण पायाखालीही आहे : उथळ मातीच्या खाली कातळ असला की पाऊस मुरत नाही, वाहून जातो. ज्या पाड्यावर माळाला समतल चर आहेत, गवत राखलं आहे आणि बांध शाबूत आहेत, तिथे विहिरीचं पाणी थोडं तरी पुढे टिकतं.

नमुना कसा घ्यायचा?

पीक निघाल्यावर आणि खत टाकण्याआधी. आपल्याकडे भात-वाल निघाल्यानंतर मे अखेरपर्यंतचा काळ चांगला. एकसारख्या दिसणाऱ्या तुकड्यातून आठ-दहा ठिकाणी नागमोडी चालत जा. प्रत्येक ठिकाणी वरचा काडीकचरा बाजूला सारा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर, म्हणजे 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा करा, आतली माती टाकून द्या आणि खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत दोन बोटं जाडीची चकती काढा. सगळी माती घमेल्यात मिसळा, कापडावर पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. सावलीत वाळवा.

उकिरडा, झाडाखालची जागा, बांधाची कड, गुरं बसतात ती जागा आणि विहिरीजवळची जागा टाळा. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर गंजलेलं घमेलं, लोखंडी फावडं नको. लाकडी खुंटी आणि प्लास्टिकचं टोपलं वापरा. आणि खताच्या रिकाम्या गोणीत नमुना कधीही भरू नका. ही गोष्ट लोक हसून सोडून देतात, पण चिमूटभर खताने अख्खा अहवाल खोटा ठरतो. माळाचा आणि खाचराचा नमुना एकत्र करायचा नाही.

मृदा आरोग्य पत्रिका मिळाली. त्यात बारा आकडे आहेत. कुठून वाचायला सुरुवात करू?

ही योजना फेब्रुवारी 2015 मध्ये सुरू झाली. पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब असतात. पहिल्यांदा तीनच बघा : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब.

सामू साडेसहा ते साडेसातच्या आसपास असेल तर बहुतेक अन्नद्रव्यं पिकाला मिळतात. साडेपाचच्या खाली गेला तर लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात. तुम्ही सुपर फॉस्फेट टाकता आणि ते जमिनीतच अडकून बसतं. क्षारता 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर जमीन खारी. सेंद्रिय कर्ब 0.4 ते 0.6 टक्के म्हणजे मध्यम. आपल्याकडे झाडोरा आणि ओल असल्यामुळे तो अनेकदा याहून चांगला निघतो.

एक सावधगिरी. पत्रिकेचे नमुने जाळी आखून घेतलेले असतात, जिरायत भागात 10 हेक्टरला एक. आपल्याकडे वीस-तीस गुंठ्यांचे तुकडे, त्यात माळही आणि खाचरही. तुमच्या हातातली पत्रिका शेजाऱ्याच्या खाचराची असू शकते. स्वतःच्या शेतावर निर्णय घ्यायचा असेल तर आपला नमुना आपण काढून द्या. सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीच्या कृषी सहायकाला) विचारा, तो प्रयोगशाळेपर्यंत पोचवायला मदत करतो.

पत्रिकेशिवाय घरच्या घरी काही कळतं का?

बरंच कळतं. खाचरातलं सुकं ढेकूळ आणि बांधावरच्या न नांगरलेल्या जागेतलं ढेकूळ घ्या, दोन काचेच्या ग्लासांत पाणी भरा आणि अलगद सोडा. बांधावरचं ढेकूळ बराच वेळ आकार धरून राहतं, पाणी स्वच्छ दिसतं. वर्षानुवर्षं चिखलणी झालेलं ढेकूळ काही मिनिटांत बसतं आणि पाणी गढूळ होतं. मुळं, बुरशीचे धागे आणि गांडुळांची विष्ठा यांनी कण बांधलेले असतात. ते बंधन तुटलं की काय होतं ते डोळ्यांना दिसतं. एका पाड्यावर मी हे ग्लास ओट्यावर ठेवले तेव्हा मुलांआधी बायका जमल्या आणि प्रत्येकीने आपापल्या शेतातलं ढेकूळ आणून टाकलं. त्या दिवशी मला भाषण करावं लागलं नाही.

भात पिवळा पडला की युरिया टाकतो. चुकतंय का?

आधी पिवळेपणा कुठे आहे ते बघा. जुनी, खालची पानं पिवळी असतील तर नत्राची कमतरता. नवी पानं फिकी असतील तर गंधक किंवा लोह. पानांवर तपकिरी ठिपके आणि वाढ खुंटलेली असेल तर बहुधा जस्त. पाणी आठवडाभर तुंबलं असेल तर मुळं गुदमरलेली असतात, तिथे युरिया ओतून उपयोग नाही.

भरल्या खाचरात वरून फेकलेल्या युरियातलं जेमतेम तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के नत्र भाताला मिळतं. बाकीचं अमोनिया होऊन हवेत, नायट्रेट होऊन खाली, नाहीतर पाण्याबरोबर ओढ्यात. त्यावरचा उत्तम उपाय आपल्या महाराष्ट्रातच निघाला : डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री पद्धत. पेंढा आणि तुसाची राख शेतात परत द्यायची, गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला चिखलणीत गाडायचा, 15 आणि 25 सेंटिमीटरच्या आलटून-पालटून अंतरावर लावणी करायची, आणि चार चुडांच्या (लावलेल्या रोपांच्या) मध्ये युरिया-डीएपी खताची 2.7 ग्रॅमची एक ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेली गोळी, सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. एकरी 25 हजार गोळ्या, वजनाने सुमारे 68 किलो. गोळी चिखलात हळूहळू विरघळते आणि नत्र मुळाशीच राहतं. अडचण मजुरीची आहे हे मान्य. पण लावणीच्या दिवशीच, इरजिकीने, चार घरांनी मिळून केलं तर जमतं. बांधावर गिरिपुष्प लावायला तर काहीच लागत नाही, पावसाच्या तोंडावर फांदी खोचली की फुटते.

राब भाजू नका म्हणता. आमचे आजे-पणजे भाजत आले. ते वेडे होते का?

मुळीच नाही. राब म्हणजे भाताची रोपं तयार करायची जागा, आणि ती भाजण्यामागे पक्कं शहाणपण आहे. शेण, पाला, फांद्या, गवत, वर मातीचा थर रचून भाजलं की तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतो आणि माती इतकी भुसभुशीत होते की जुलैत रोपं उपटताना मुळं तुटत नाहीत. दिवसभर वाकून आवण, म्हणजे ही रोपं, खणणाऱ्या बाईला याची किंमत कळते. भाजणी थांबवायला सांगणाऱ्याने आधी तिचा विचार केला पाहिजे.

पण खर्चही मोठा आहे. भाजताना पाल्यातलं नत्र आणि कर्ब हवेत जातो, ऐनाच्या फांद्या दरवर्षी छाटल्या जातात, आणि जंगलातून भारे आणायचं काम पुन्हा बायकांच्याच डोक्यावर येतं. पर्याय म्हणून गादीवाफे करा. तुसाची राख आणि कुजलेलं शेणखत घाला, तणासाठी मे महिन्यात ओल्या वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिक पसरून उन्हाने तापवा. पहिल्या वर्षी चौथ्या हिश्शाच्या राबावर करून बघा. सगळा राब एकदम बदलायला मी कोणालाच सांगत नाही. भात हे वर्षाचं पोट आहे.

नांगरणी-चिखलणीशिवाय भात खरंच होतो का?

होतो. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र रुजवलं आहे. एकदा पक्के गादीवाफे करायचे, बी टोकायचं, कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची आणि पुढच्या हंगामात नांगर लावायचाच नाही. मुळांच्या जागी पोकळ्या राहतात, गांडुळं येतात, कर्ब वाढतो. अडचण तणाची. तण जिथे पाण्याने दबत होतं, तिथे आता तणनाशक वापरलं जातं आणि ते मला खटकतं. शिवाय हे तंत्र जिथे पाणी निचरतं तिथेच बरं. खोलगट, तुंबणाऱ्या खाचरात नको.

खाचरातल्या पाण्यावर तेलासारखा रंगीत तवंग येतो. कंपनीचं पाणी शिरलं का?

काठीने तवंग हलवून बघा. तो काचेसारखा तुकडे होऊन फुटला आणि पुन्हा जुळला नाही, तर ते लोहाचं काम आहे : तुंबलेल्या मातीत लोह विरघळतं, पृष्ठभागावर जिवाणू त्याचं ऑक्सिडीकरण करतात आणि पातळ पापुद्रा बनतो. पाणी काढून खाचर दोन-चार दिवस सुकू द्या. तवंग फिरून गोल जुळला आणि वास आला, तर मात्र तेल असू शकतं. मग फोटो काढा, बाटलीत पाण्याचा नमुना भरा, तारीख-वेळ लिहा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा. तोंडी तक्रारीचा माग राहत नाही.

भातानंतर वाल, हरभरा घ्यावा म्हणता. पण गुरं सोडतात, काय करायचं?

माझ्या सगळ्या कामात हाच प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि याचं उत्तर प्रयोगशाळेत नाही. कापणीनंतरच्या ओलीवर कडवा वाल मजेत येतो. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र मातीत आणतात, जमीन झाकलेली राहते, हातात पैसा येतो. कोरड्या, उघड्या खाचरापेक्षा हे सगळ्याच बाजूंनी चांगलं.

पण एकट्याने वाल पेरला तर तो गावाच्या गुरांनी खाल्लाच म्हणून समजा. कुंपण परवडत नाही. म्हणून गावकीने बसून ठरवावं लागतं : गुरं कधीपर्यंत बांधायची, गुराखी कोण, त्याला प्रत्येक घरामागे किती द्यायचं, चरायला कोणता माळ मोकळा ठेवायचा. ज्यांच्याकडे जमीन नाही पण चार शेळ्या आहेत, त्यांचा आवाज त्या बैठकीत नसेल तर ठराव टिकत नाही, आणि टिकूही नये. ज्या पाड्यावर हे नीट जमलं तिथे पहिल्या वर्षी सगळ्यांनी ओढ्यालगतचा एकच सलग पट्टा वालाखाली घेतला होता, म्हणजे राखण एकाच ठिकाणी. शेंगा आल्यावर शेळीवाल्या घरांनाही वाटा गेला. मातीचा कर्ब वाढायला वर्षं लागतील, पण ती सुरुवात या बैठकीतून झाली.

वीटभट्टीवाला वरची अर्धा फूट माती मागतोय. खाली मातीच आहे ना?

कृपा करून देऊ नका. हिशेब मांडून दाखवते. एका एकरातली वरची सहा इंच माती सुमारे 800 टन भरते. सेंद्रिय कर्ब 0.8 टक्के धरला तर त्यात सहा टनांहून जास्त कर्ब असतो, आणि त्याच थरात जिवाणू, गांडुळं, स्फुरद, जस्त असतं. खाली उरते ती घट्ट, निर्जीव माती; खाचराची पातळी खाली गेल्यामुळे शेजाऱ्याचं पाणी तुमच्याकडे तुंबतं. तो थर तयार व्हायला शेकडो वर्षं गेली आहेत. मिळालेले पैसे लग्नात किंवा दवाखान्यात जातात, हे मला माहीत आहे, आणि माणूस हौसेने माती विकत नाही हेही. म्हणूनच अशा वेळी बचत गटाकडून उचल मिळते का, तलावातला गाळ भट्टीला देता येईल का, हे आधी विचारा. त्याच भट्ट्यांवर आपल्याच जिल्ह्यातली कातकरी कुटुंबं उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फेडत सहा-सात महिने राबतात आणि त्यांच्या मुलांची शाळा सुटते. मातीचा प्रश्न आणि त्या मुलांचा प्रश्न मला वेगळे करता येत नाहीत.

नवी मुंबई, उरण, पनवेलकडची खार जमीन सुधारते का?

सुधारते, पण बांध धड असेल तर. 1970 मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, आली तेव्हा ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातली 95 गावं नव्या शहराच्या आराखड्यात आली. त्यांत भातशेती होती, मिठागरं होती. उरलेल्या खार जमिनीत बाहेरचा बांध फुटला किंवा उघाडीचं (बांधातून पाणी सोडायच्या दाराचं) झाकण सडलं की भरतीचं पाणी आत येतं आणि दोन-तीन हंगाम जातात. पूर्वी गावकी श्रमदानाने बांध घालायची. आता जमिनीचे मालक शहरात, वाटेकरी तात्पुरते, मग बांधाकडे बघणार कोण?

शास्त्र सोपं आहे. मीठ धुवायला गोडं पाणी आणि निचरा लागतो. पहिले पाऊस खाचरात साठवून ओहोटीला उघाडीतून सोडा, असं काही वेळा करा, मग रोपं लावा. पावसाळा संपला की खालचं खारं पाणी केशाकर्षणाने वर चढतं आणि पांढरा थर धरतो. म्हणून कापणी झाल्याबरोबर हलकी नांगरट करा किंवा पेंढा पसरा. जिप्सम सगळ्यांना लागत नाही. ते सोडियममुळे चोपण झालेल्या जमिनीला लागतं, नुसत्या खाऱ्या जमिनीला नाही. आधी तपासा. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र आहे, खार सोसणाऱ्या पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 या भाताच्या जाती तिथल्याच.

रुळांलगत पिकवलेली पालेभाजी खावी का?

पालक, माठ, मुळा ही पिकं कॅडमियम-शिसं पानांत साठवतात आणि माती आम्लधर्मी असेल तर जास्तच. ही भाजी ज्या नाल्याच्या पाण्यावर वाढवली त्यात कारखान्याचं पाणी मिसळलं असेल तर धोका खरा आहे. धुतल्याने वरचे जंतू कमी होतात, पानाच्या आत शिरलेला धातू जात नाही. नेहमीच्या माती परीक्षणात हे धातू तपासले जात नाहीत, त्यासाठी वेगळी चाचणी मागावी लागते. पिकवणाऱ्या माणसावर राग काढू नका. त्याला स्वच्छ पाणी मिळालं तर तोही तेच वापरेल.

गच्चीवरच्या बागेसाठी लाल माती कुठली घेऊ?

शक्यतो घेऊच नका. ती कुठल्या तरी डोंगराची कड कापून आलेली असते. घरातला ओला कचरा, सुकी पानं आणि थोडी जुनी कुंडीतली माती एवढ्यावर उत्तम बाग होते.

जीवामृताने सगळं भागतं का?

जीवामृत म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं द्रावण. त्याने जिवाणूंना चालना मिळते, पण स्फुरद किंवा जस्तच कमी असेल तर ते जीवामृतातून भरून निघत नाही. शेणखत, हिरवळीचं खत, द्विदल पीक आणि गरजेपुरतं रासायनिक खत, असं मी सुचवते. कुठल्याही एका पंथाचा आग्रह धरत नाही.

मुलीला मृदशास्त्रात जायचं आहे. कसं?

बारावी विज्ञान, सीईटी, मग चार वर्षांची कृषी पदवी, आणि एमएस्सीला मृदविज्ञान व कृषी रसायनशास्त्र. राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी आपली चार विद्यापीठं आहेत. मृदा सर्वेक्षणाचं राष्ट्रीय केंद्र नागपूरला आहे. तिला रसायनशास्त्राइतकंच माणसांशी बोलायला आवडत असेल तर जरूर पाठवा. सुट्टीत एखादी लावणी तिला स्वतःच्या हातांनी करू द्या.

मुरबाडला जमीन घेतली आहे. आम्ही वीकेंडला येतो. आधी काय करावं?

कागद तपासलेत ना? महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला खरेदीदार शेतकरी असावा लागतो, आणि आदिवासी खातेदाराची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जात नाही.

त्यानंतर जेसीबी बोलावू नका. सपाटीकरणात पहिला बळी वरच्या थराचा जातो. एक पावसाळा नुसतं बघा : पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, कुठून बाहेर जातं. तारेचं कुंपण घालाल तिथे बायकांची पाण्याची किंवा सरपणाची वाट तर नाही ना, ते विचारा आणि असेल तर ती मोकळी ठेवा. ही जमीन आधी कोण कसत होतं ते शोधा आणि त्या घराला भाताचं पीक वाट्याने घ्यायला सांगा. नमुना काढायला मला बोलवायचं असेल तर त्यांनाही सोबत ठेवा. सकाळी, उन्हं चढायच्या आत.